पुण्यातली थंडी आणि लाईटबिल: एका गिझरवाल्याचा सल्ला

दिवाळीची पहिली अंघोळ झाली की माझा फोन वाजायला लागतो, तो संक्रांतीपर्यंत वाजतच राहतो. गिझर तापत नाही, गिझर गळतोय, बटण दाबलं की अख्ख्या घराची लाईट जाते. मी राहायला धायरीत. औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि तेव्हापासून गिझर, वायरिंग, पंप हीच कामं. सदाशिव पेठेतल्या वाड्यापासून हिंजवडीच्या टॉवरपर्यंत सगळ्या तऱ्हेची बाथरूमं बघून झाली. गिझर खोलून बसलो की घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहून विचारतं, ‘काय हो, यंदा हीटर घ्यावा का?’ आणि जानेवारीच्या शेवटी तेच माणूस बिल पुढे करून विचारतं, ‘एवढं कसं आलं?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

पुण्यात घर तापवायला पैसे घालवायची गरज नाही. दुपारचं ऊन ते काम फुकटात करतं, फक्त ते रात्री घरात टिकलं पाहिजे. पैसे जातात ते अंघोळीच्या पाण्यात, आणि तिथं हिशोब केला तर बिल हातात राहतं.

आपली थंडी ही रात्रीची थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-अकराच्या आसपास जातो, कधी आठवर, आणि त्याच दिवशी दुपारी दोनला आपण शर्टाच्या बाह्या वर करून रसवंतीवर उभे असतो. पारा २८-२९. शिवाजीनगरच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांची नोंद आहे, तेवढं परत झालेलं नाही. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळं दिवसा जमिनीत मुरलेली उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. गार हवा जड असते, ती खोलगट भागात जाऊन बसते. म्हणून पाषाण, एनडीए, शिवाजीनगर इथले आकडे पेपरात कमी दिसतात आणि मगरपट्टा, लोहगावचे जास्त. तुम्ही कुठं राहता त्यावर तयारी ठरवा. कोरेगाव पार्कात नवव्या मजल्यावर असाल तर यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल. पाषाणला झाडीत बैठं घर असेल तर सगळं वाचा.

आधी घर कोरडं करा

ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण थंडीची तयारी तेव्हाच करायची. पावसाळ्यात भिंतींनी पाणी प्यायलेलं असतं. ओली भिंत थंडीत जास्त गार लागते, कारण घरातली ऊब तिच्यातलं पाणी वाळवण्यात खर्च होते. त्यामुळं कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, खिडक्या दिवसभर उघड्या टाका, गाद्या-रजया गच्चीत टाका. कापसाची रजई दबून पातळ झाली असेल तर नवीन घेऊ नका. गादी कारखान्यात देऊन कापूस पिंजून घ्या. ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. दबलेल्या कापसात हवाच नाही, मग कितीही जड असली तरी ती रजई गारच.

मग खिडक्या. आपल्या नव्वदनंतरच्या सगळ्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. त्यांच्या दोन पल्ल्यांच्या मध्ये आणि खाली पट्टीत ब्रशसारखी केसाळ पट्टी असते. दहा-पंधरा वर्षांत तिचे केस झडून जातात आणि मग खिडकी बंद असली तरी पडदा हलतो. रात्री उदबत्ती लावून खिडकीच्या कडेनं फिरवा. धूर जिथं वाकडा होतो तिथून वारा येतोय. ही पट्टी बोहरी आळीत मीटरवर मिळते. जुनी पट्टी पक्कडीनं ओढून काढायची, खोबण जुन्या टूथब्रशनं साफ करायची, नवी सरकवायची. जाताना जुन्या पट्टीचा तुकडा बरोबर न्या, कारण तिच्या पाठीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळायला लागतात. उंच घेतलीत तर पल्ला सरकत नाही आणि मग मला फोन येतो. लाकडी खिडकी असेल तर फोमची चिकटपट्टी पुरते. मुख्य दाराखालची फट मात्र विसरू नका. जिन्यातली सगळी गार हवा तिथून आत येते. दाराला खाली लावायची रबरी पट्टी मिळते. तोपर्यंत जुन्या साडीची गुंडाळी चालते, आमच्या आईनं आयुष्यभर तीच वापरली.

दोन जागा सोडून सगळं बंद करा. स्वयंपाकघरातला झरोका आणि गॅस गिझर असेल तिथली जाळी कधीही बुजवायची नाही. याचं कारण पुढं येतंच.

ऊन कधी आत घ्यायचं

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारी तो क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो, म्हणजे छज्जा असूनही दक्षिणेच्या खिडकीतून चार-पाच फूट आत ऊन येतं. मे महिन्यात त्याच खिडकीत उन्हाचा कवडसाही नसतो. दक्षिणेकडची खोली ही तुमची थंडीतली खोली. घरात म्हातारं माणूस असेल तर दोन-अडीच महिने त्यांची कॉट तिथं हलवा. लोक दहा हजारांचा हीटर आणतील, पण कॉट हलवणार नाहीत!

खिडक्या पहाटे उघडायच्या नाहीत. ‘सकाळची शुद्ध हवा’ म्हणून साडेसहाला सगळं उघडणारी मंडळी मला रोज दिसतात. थंडीत त्या वेळी गार हवा शहराच्या तळाशी बसलेली असते, वर उबदार हवेचं झाकण, आणि त्याच्याखाली रात्रभराचा धूर आणि धूळ. जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो. दहा-साडेदहानंतर उघडा, पडदे पूर्ण बाजूला करा, आणि साडेचार-पाचच्या सुमारास, बाहेरची हवा घरापेक्षा गार व्हायच्या आत, सगळं लावून पडदे ओढा. हे एवढं वेळेवर केलं तर रात्रीच्या घरात खरंच फरक पडतो. विटांच्या जाड भिंती आणि खालचा कोबा दुपारची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. वाड्यातल्या मातीच्या भिंतींचं तर विचारूच नका. नवीन टॉवरच्या पातळ भिंतींत तेवढं जमत नाही, तिथं पडद्यावर भिस्त. पडदा जाड हवा आणि खिडकीच्या खाली वीतभर तरी आला पाहिजे.

सर्वात वरच्या मजल्यावरच्या लोकांना दोन्हीकडून मार असतो, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत गारठा. आमचंही घर वरच आहे. स्लॅबची उष्णता रात्री आभाळात जाते, त्याला फारसा इलाज नाही. गच्चीला पांढरा रंग देऊ का, असं विचारतात. द्या, पण ते एप्रिल-मेसाठी. थंडीत त्यानं काडीचाही फायदा नाही.

गिझर

बिल वाढतं ते इथं. पंखा बंद, एसी बंद, फ्रिजलाही कमी काम, म्हणजे थंडीत पुण्यातलं बिल खरं तर उतरायला हवं. चढलं असेल तर दहापैकी नऊ वेळा गिझर.

हिशोब सोपा आहे. पाण्याचे लिटर गुणिले जेवढे अंश तापवायचे ते, भागिले ८६०, म्हणजे युनिट. जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी धरा १८ अंश. अंघोळीला लागतं ४० अंश. वीस लिटरची बादली: २० गुणिले २२ म्हणजे ४४०, भागिले ८६०, म्हणजे अर्धं युनिट. चार माणसं, चार बादल्या, दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. आता शॉवर घ्या. साधा शॉवर मिनिटाला आठ ते दहा लिटर पाणी सोडतो. कॉलेजातला मुलगा मोबाईलवर गाणी लावून दहा मिनिटं उभा राहिला की ऐंशी-शंभर लिटर गेले, म्हणजे चार-पाच बादल्या. एकट्याची दोन-अडीच युनिटं. घरात असे दोन असतील तर गिझरच्या कंपनीला दोष देऊ नका.

महावितरणचे घरगुती टप्पे आहेत ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार, म्हणजे युनिटचा दर, पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. वर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचे पैसे, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. एरवी नव्वद युनिट वापरणारं घर थंडीत गिझरची साठ धरून दीडशेला जातं आणि वरची पन्नास युनिटं महाग दरानं लागतात. पण शंभर ओलांडले की अख्खं बिल महाग दरानं लागतं, ही समजूत चुकीची आहे. पहिल्या शंभराला पहिलाच दर राहतो. बिलाच्या मागच्या बाजूला टप्प्यांचे दर छापलेले असतात, ते चष्मा लावून एकदा वाचा. स्मार्ट मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलत आहे, तीही बिलात दिसते.

आता कोथरूडच्या एका काकूंचा प्रश्न, जो मला दर वर्षी वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. ‘अहो, आमच्या भाचीनं सांगितलंय, गिझर चोवीस तास चालू ठेवला की कमी वीज लागते. सारखं गार पाणी तापवायला जास्त लागते म्हणे.’ नाही हो काकू. टाकी कितीही चांगली असली तरी तिच्यातून उष्णता झिरपतच असते. ती भरून काढायला कॉईल मधूनमधून चालू होते, तुम्ही झोपलेल्या असतानाही. गिझरवरच्या स्टार लेबलवर ‘स्टँडिंग लॉस’ म्हणून एक आकडा असतो. पाणी न वापरता दिवसभरात नुसती किती युनिटं जातात, तो हा आकडा. दुकानात लिटर आणि रंग बघण्याआधी तो बघायचा, कमी तो चांगला. आणि गिझर बंद केला की हा खर्च नेहमी कमीच होतो. यात दुसरी बाजू नाही.

किती आधी लावायचा? दोन किलोवॅटची कॉईल असेल तर पंधरा लिटरच्या टाकीला पाऊण युनिट आणि वीस-बावीस मिनिटं, पंचवीस लिटरला सव्वा युनिट आणि पस्तीस-चाळीस मिनिटं, १८ वरून ६० अंशांपर्यंत. पंचवीस लिटर कढत पाण्यात गार मिसळलं की दोन मोठ्या बादल्या भरून वर थोडं उरतं. त्यामुळं सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरका. एक सहाला, एक आठला, एक दहाला असं केलं की प्रत्येक वेळी टाकी आणि पाईप नव्यानं तापतो आणि पाईपातलं उरलेलं गरम पाणी वाया जातं. स्वयंपाकघरातलं तीन लिटरचं इन्स्टंट गिझर शॉवरला लावू नका. तीन किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम दोन लिटर अंघोळीचं पाणी मिळतं. भांड्यांना ते ठीक आहे.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती अंश तापवायचं ते ठरवणारी कळ, ५५ ते ६० च्या मध्ये ठेवा. ७५ ला ठेवलेला मला जिथंतिथं दिसतो. तेवढ्या कढत पाण्यानं हात पोळतो, क्षार लवकर धरतो आणि उष्णताही जास्त झिरपते. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर आधी गार, मग गरम पाणी सोडायची शिस्त लावा. पण ४०-४५ वरही ठेवू नका. साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

एक युक्ती पुण्याच्या उन्हाला धरून आहे. गच्चीवरच्या काळ्या सिंटेक्समधलं पाणी पहाटे १८ असलं तरी दुपारी तीन-चारला सहज २५-२६ होतं. तीच बादली तेव्हा तापवली तर एक तृतीयांश वीज वाचते. ज्यांना सकाळी कुठं जायचं नाही त्यांनी अकरानंतर अंघोळ करावी. माझ्या आईचे गुडघे धरतात, ती थंडीत बारालाच अंघोळ करते. बाथरूमही तोवर उबदार झालेलं असतं आणि पाय घसरून पडायची भीती कमी. तुमचा पाईप गच्चीवरून उघड्यावर येत असेल तर दुपारी नळाला पहिलं पाणी गिझरशिवायच गरम येतं.

सर्व्हिसिंग ऑक्टोबरात करून घ्या, डिसेंबरात आमच्यापैकी कुणी सापडत नाही. त्यात तीन गोष्टी बघायला सांगायच्या. पहिली, टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड. पाणी टाकी खायच्या ऐवजी याला खातं. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर वर्ष-दीड वर्षात त्याची बोटाएवढी काडी होते. तो वेळेवर बदलला तर टाकी कितीतरी वर्षं जाते, नाही बदलला तर टाकीच गळते, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही. नव्वद टक्के घरात हा रॉड असतो हेच माहीत नसतं. दुसरी, कॉईलवरचा क्षार. यानं वीज फार जास्त जाते असं सांगून काही जण पैसे काढतात. खरं म्हणजे कॉईलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण क्षाराच्या थराखाली कॉईल स्वतः नको तेवढी तापते आणि एक दिवस फुटते, आणि तो दिवस रविवारच असतो. तिसरी, सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापलं की फुगतं, म्हणून तापताना व्हॉल्व्हमधून थोडं टपकणं बरोबर आहे. त्याचं तोंड कधीही बंद करू नका.

आणि वायरिंग. गिझरला १६ अँपिअरचा वेगळा पॉईंट हवा, ४ स्क्वेअर एमएमची वायर, चांगलं अर्थिंग. प्लग काढून पिना बघा. काळ्या पडल्या असतील किंवा प्लगचं प्लास्टिक पिवळं झालं असेल तर सॉकेट सैल आहे, आजच बदला. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाईट तोडणारं स्विच, असावंच असावं. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. खटकन पडलं पाहिजे. न पडणारं आरसीसीबी हा नुसता शोपीस.

भाड्याच्या खोलीत राहणारी पोरं बादलीत रॉड टाकतात. वीज तेवढीच लागते, जास्त नाही. पण रॉड पाण्यात टाकून मगच बटण चालू करायचं, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, लोखंडी बादली नको आणि प्लास्टिकच्या बादलीला रॉड टेकता कामा नये. आडवी लाकडी पट्टी ठेवून त्यावर अडकवा.

गॅस आणि सोलर

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेएवढी उष्णता असते. गॅस गिझर त्यातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाण्याला देतो, म्हणजे १४५ धरा. सिलिंडरच्या आजच्या किमतीला १४५ नं भागा आणि तुमच्या बिलातल्या सर्वात वरच्या टप्प्याच्या दराशी, वहन आणि शुल्क धरून, ताडून बघा. जे घर शंभर युनिटच्या आत आहे त्यांना दोन्हींत फार फरक पडत नाही. जे तीनशेच्या पुढं आहेत त्यांना गॅस स्वस्त पडतो. पाईपचा गॅस आला असेल तरी हिशोबाची पद्धत हीच, एका घनमीटरला दहा युनिट धरायची.

पण गॅस गिझर बाथरूमच्या आत मी बसवून देत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. दार-खिडकी लावून आत गॅस जळला की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं, वाटतं पाण्याच्या वाफेनं होतंय, आणि तो खाली बसतो. परत उठत नाही. गिझर बाहेर गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टकडे लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाईप आत घ्या. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली की बंद करून माणूस बोलवा. कोळशाच्या शेगडीचंही तेच. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे. ठेवायचीच असेल तर खिडकी उघडी टाकून, जागं माणूस बसवून, आणि झोपायच्या आधी बाहेर.

गच्चीवर पाणी तापवणारं सोलर असेल तर नशीबवान आहात, पण थंडीत त्याच्याबद्दलच जास्त तक्रारी येतात. बहुतेक वेळा नुसती धूळ असते. ऑक्टोबरात काचेच्या नळ्या पुसून घ्या, सकाळी किंवा संध्याकाळी. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकते. गच्चीवरून येणाऱ्या पाईपचं फोमचं वेष्टण उन्हानं फाटलेलं असतं, ते बदला. खालच्या मजल्यांवर नळ सोडला की आधी बादलीभर गार पाणी येतं, त्यावरून आमच्या शेजारच्या सोसायटीत कायम भांडणं. त्याला इलाज एकच, ते पाणी धुण्याला वापरा आणि सगळ्यांनी सकाळी एकाच तासाभरात अंघोळी करा, म्हणजे पाईप गरम राहतो. चालू सोलरबद्दल पुणे महापालिका मिळकतकरात सवलतही देते. अटी असतात, त्या बघून घ्या.

हीटर घ्यावा का?

बहुतेकांनी घेऊ नये. दोन किलोवॅटचा ब्लोअर रात्री तीन तास लावला तर सहा युनिट, महिन्याला १८०. गिझरच्या तिप्पट. दुकानदार सांगेल हॅलोजन स्वस्त, तेलाचा रेडिएटर त्याहून कमी खातो. सगळे सारखे आहेत. एका युनिटला एका युनिटाएवढीच उष्णता, कुणीही त्यात जादू करत नाही. फरक एवढाच की हॅलोजन समोरच्या माणसाला लगेच ऊब देतो, ब्लोअर छोटी खोली पटकन तापवतो, आणि तेलाचा हळू तापून बंद केल्यावरही अर्धा तास ऊब देतो. आवाज नाही, उघडी लाल कॉईल नाही, म्हणून आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत घ्यायचाच तर तो घ्या. ‘हीटर ऑक्सिजन खातो’ हे विजेच्या हीटरला लागू नाही. खोलीची हवा तेवढी कोरडी वाटते, त्याला पाण्याचं पातेलं पुरे.

नवीन एसी घ्यायचाच असेल तर गरम-गार दोन्ही देणारा इन्व्हर्टर बघा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून आत ओढतो, त्यामुळं एका युनिटमध्ये साधारण तिप्पट ऊब मिळते. पण फक्त पुण्याच्या थंडीसाठी एवढा खर्च करायला मी कुणाला सांगणार नाही.

हीटर एक्सटेन्शन बोर्डवर लावू नका, सहा अँपिअरच्या पॉईंटवर तर नाहीच. त्याच्यावर मोजे वाळत घालू नका आणि पडदा हातभर लांब ठेवा.

त्यापेक्षा माणूस गरम ठेवा. रबरी पिशवीत दोन लिटर पाणी भरायला युनिटाचा सातवा हिस्सा लागतो आणि पायाशी ती रात्रभर पुरते. पाणी उकळतं नको, पिशवीवर फडकं हवं, आणि मधुमेहामुळं पाय बधिर झालेल्या माणसाला थेट लावू नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. विजेचं ब्लँकेट असेल तर झोपायच्या आधी वीस मिनिटं लावून बंद करा. पांघरूण वर एक, तर खाली दोन असा माझा हिशोब आहे. सगळे अंगावर थर चढवतात आणि पाठ गारठते. गादीवर गोधडी, तिच्यावर चादर, वर सोलापुरी चादर आणि गरज वाटली तर घोंगडी. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मंडपात रात्री बसणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं, ते खाली अंथरायला आधी आणतात, शाल नंतर. व्हिट्रिफाईड टाईल्सवर तर सतरंजी हवीच.

आणि पंखा. पुण्यात निम्मी घरं भर जानेवारीत पंखा लावून, वर दोन पांघरुणं घेऊन झोपतात. कारण डास. नदीकाठच्या सोसायट्यांत तर विचारायलाच नको. मच्छरदाणी लावा. डास गेले, पंखा बंद झाला, आणि अंगाभोवतीची हवाही हलत नाही, त्यामुळं आत एक-दोन अंशांचा फरक सहज जाणवतो. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही, पण ‘जुन्या पद्धतीची दिसते’ म्हणून कुणी लावत नाही.

सोसायटीच्या कमिटीत असाल तर गेटवरच्या वॉचमनचंही बघा. रात्री तो कोपऱ्यात प्लास्टिक आणि पालापाचोळा जाळून शेकत बसतो, तो धूर तुमच्याच पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जातो. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, दंडही होतो. केबिनच्या खिडकीला काच बसवा, चांगलं जॅकेट आणि कानटोपी द्या, आणि केबिनमध्ये १६ अँपिअरचा पॉईंट काढून एक छोटा चारशे वॉटचा हीटर. रात्री आठ तास लावला तरी तीन-सव्वातीन युनिट, पन्नास फ्लॅटमध्ये वाटले तर कुणाला कळणारही नाही. पॉईंट मात्र कॉमन मीटरवर घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. गेटवरच्या केबिनची वायर बहुतेक वेळा दिव्याच्या खांबावरून ओढलेली असते.